नळदुर्गच्या पाणीमहालात चार तासांचा आरपीजी: पाच नवे खेळाडू, नियम कोणते घ्यावेत आणि पाण्याचं घड्याळ कसं चालवावं?

चाटीगल्लीकर

पुढच्या महिन्यात जुळे सोलापुरात एका घरी टेबलटॉप आरपीजीचं, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन कथा पुढे न्यायच्या खेळाचं, सेशन चालवायचं आहे. खेळाडू पाच, पाचही जण नवे. वेळ दुपारी दोन ते सहा, त्यापुढे ताणता येणार नाही. दोघांच्या घरी तेलुगू बोलतात, एकीच्या घरी कन्नड. मराठी सगळ्यांना चांगलं येतं, पण इंग्रजी नियमपुस्तक वाचायला कुणीही तयार नाही.

कथानक असं. १६२४ चा पावसाळा, नळदुर्ग, आदिलशाही अंमल. बोरी नदीला पाणी चढतंय. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात अहमदनगरचा एक हेर दोन साथीदारांसह शिरला आहे आणि त्याला बंधाऱ्याला इजा करायची आहे. पाणी वर येण्याआधी त्याला गाठायचं. सोलापूरहून किल्ला पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळे टेबलावरच्या बहुतेकांनी तो पाहिलेला आहे. बंधाऱ्यावरचे नर-मादी धबधबे म्हटलं की वेगळं वर्णन करावं लागत नाही.

माझे प्रश्न:

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गाजलेल्या आरपीजीची पाचवी आवृत्ती घ्यावी की काहीतरी हलकं? वीसबाजू फाशांचा एकच संच आहे, बाकी लुडोचे फासे हवे तेवढे.

पाणी किती चढलं ते दाखवायला आठ फाकींची चकती काढली आहे. कथेतली दहा मिनिटं म्हणजे एक टर्न, दर टर्नला एक फाक रंगवायची असं ठरवलंय. हे बरोबर आहे का?

अंधार आणि मशाली नियमात कशा आणायच्या? नुसतं "अंधार आहे" म्हटलं की दोन मिनिटांत सगळे विसरतात.

दोन_फासे

चार तास आणि पाच नवे खेळाडू असतील तर दोन सहाबाजू फाशांची पद्धत घ्या. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळापासून ती पसरली आणि आज कितीतरी खेळ तिच्यावर उभे आहेत. नियम एका श्वासात सांगता येतो: दोन फासे टाका, बेरजेत पात्राच्या त्या कामाच्या गुणाचा आकडा मिळवा. दहा किंवा जास्त आलं तर हवं ते झालं. सात ते नऊ आलं तर झालं, पण काहीतरी मोजावं लागलं. सहा किंवा कमी आलं तर सूत्र तुमच्या, म्हणजे जीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) हाती.

ही पद्धत का चालते ते आकड्यांत बघा. गुण शून्य असेल तर साफ यश १७ टक्के, अर्धं यश ४२ टक्के, अपयश ४२ टक्के. गुण +१ झाला की २८, ४४, २८. गुण +२ झाला की ४२, ४२, १७. एका अंकाने एवढा फरक पडतो, म्हणून कुणालाही +३ देऊ नका. +३ वाल्याला साफ यश ५८ टक्के मिळतं आणि अपयश फक्त ८ टक्के उरतं. तो माणूस खेळभर पुढे आणि बाकीचे चार बघे.

गुण चारच ठेवा: अंगबळ, चपळाई, नजर, वाणी. प्रत्येकाला +२, +१, ० आणि -१ हे चार आकडे हवे तिथे वाटायला सांगा. पात्रं मात्र तुम्हीच तयार करून न्या: पाथरवट, नाईकवाडी, नावाडी, कारकून, जासूद. प्रत्येकाकडे एक गोष्ट अशी, जी फासा न टाकता जमते. पाथरवटाला भिंतीतला नवा-जुना चुना हात लावून कळतो. नावाडी आपल्यासोबत एकाला घेऊन पोहू शकतो. कारकून मोडी आणि फारसी वाचतो. नाईकवाड्याला पहारा कधी बदलतो ते ठाऊक असतं. जासूद बघितलेला रस्ता विसरत नाही, अंधारातही. ही पाच वाक्यं पात्राच्या कागदावर सगळ्यात वर, ठळक. नवा खेळाडू "मी काय करू शकतो?" म्हणून अडतो तेव्हा त्याची नजर तिथेच पडायला हवी.

सात ते नऊ हाच या पद्धतीचा जीव आहे आणि नवे जीएम तिथेच अडखळतात, कारण दर वेळी नवी किंमत सुचत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवा: पाण्याची एक फाक भरली, मशाल विझली किंवा भिजली, आवाज झाला, हातातली वस्तू निसटली, एकजण बाकीच्यांपासून तुटला, खरचटलं. किंमत सांगताना शक्य तिथे दोन पर्याय द्या. "दार उघडतंय, पण एक तर पहार सोडून द्यावी लागेल, नाही तर कडी तुटल्याचा आवाज खाली जाईल. काय करता?" निवड खेळाडूची झाली की त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

अपयशाला "काही झालं नाही" हे उत्तर कधीच देऊ नका. दार उघडलं नाही, परत टाका, परत उघडलं नाही, असं तीनदा झालं की टेबलावरचे मोबाईल बाहेर येतात. सहा किंवा कमी आलं की परिस्थिती बदललीच पाहिजे.

जखमांसाठी हिट पॉइंट, म्हणजे घटत जाणारे जिवाचे आकडे, नकोत, तीन चौकोन पुरेत: खरचटलं, जखमी, आडवा. जखमी असताना अंगबळ आणि चपळाईच्या फाशातून एक वजा. आडवा झालेला मरत नाही, त्याला दुसऱ्याने उचलून न्यावं लागतं. पाणी चढत असताना दोन माणसांचे हात त्यात अडकले तर तेवढा ताण बास आहे.

वीसबाजू

मी पाचव्या आवृत्तीचा पक्का खेळाडू, तरी इथे तिची शिफारस करणार नाही. २०१४ च्या मूळ पुस्तकातल्या बारा क्लासपैकी, म्हणजे पात्रांच्या प्रकारांपैकी, आठ मंत्र वापरतात. तुमच्या १६२४ मध्ये आगीचे गोळे फेकणारा कुणी नाही, म्हणजे उरले फायटर, रोग (चोरटा), बार्बेरियन आणि मंक. त्यातून पाच वेगळी माणसं उभी करायची म्हणजे नियमांचा निम्मा पसारा गुंडाळून ठेवायचा. शिवाय नव्या पाच जणांची एक साधी लढाई चार-पाच फेऱ्यांत पाऊण तास खाते. तुमच्याकडे एकूण चारच तास आहेत.

पुढे कधी पाचवी आवृत्ती मराठीत चालवायची असेल तर एक लक्षात ठेवा. तिचे मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे आहेत. श्रेय नोंदवून त्यांचं मराठी भाषांतर करता येतं, छापून वाटताही येतं. फासे कमी पडले तर हाऊजीच्या १ ते २० सोंगट्या पिशवीत घाला, एक काढा, आकडा वाचा आणि लगेच परत टाका. परत टाकायला विसरलात तर आकड्यांचं गणित बिघडतं, म्हणून ते काम एकाच माणसाकडे द्या.

तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र दोन फाशांच्या खेळातही घ्या.

पहिली, ॲडव्हान्टेज. परिस्थिती बाजूने असेल तर आकडे मिळवत बसू नका, तीन फासे टाकून वरचे दोन धरा. सरासरी ७ वरून साडेआठच्या आसपास जाते. परिस्थिती उलट असेल तर तीन टाकून खालचे दोन.

दुसरी, सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट. नव्या जीएमचे खेळ इथे हमखास कोसळतात. समजा पाचही जणांचा गुण +१ आहे, म्हणजे सात किंवा जास्त यायची शक्यता ७२ टक्के. "सगळे लपून पुढे सरका, प्रत्येकाने फासा टाका" म्हटलंत तर पाचही जण यशस्वी व्हायची शक्यता उरते २० टक्क्यांच्या खाली. लपणं जवळपास अशक्य होतं आणि खेळाडूंना कारण कळत नाही. उलट "कुणाला काही दिसतंय का, प्रत्येकाने टाका" म्हटलंत तर पाचांतल्या एकाला तरी दिसण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर. मग फासा टाकला कशाला? उपाय सोपा आहे. लपताना पाचही जण टाकतील, तिघांना जमलं की सगळ्यांना जमलं. ती शक्यता ८६ टक्क्यांच्या आसपास येते. शोधताना एकच जण टाकेल, दुसरा मदत करत असेल तर तीन फासे. मदत करणाऱ्याने आपण नक्की काय करतो ते सांगायचं, आणि किंमत पडली तर तीही दोघांनी वाटून घ्यायची.

लुडोचे फासे तपासून घ्या. स्वस्त फाशांच्या कडा गोल असतात आणि काहींच्या आत हवेचा बुडबुडा राहतो. पेल्यात कोमट पाणी घेऊन मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला. फासा तरंगला तर बोटाने फिरवा. दर वेळी तीच बाजू वर येत असेल तर तो बाजूला ठेवा. तरंगलाच नाही तर १२० वेळा टाकून मोजा. प्रत्येक बाजू २० च्या आसपास यायला हवी. एखादी ३२ च्या पुढे गेली तर फासा बदला.

मशालजी

वेळ, उजेड आणि पाणी यांवर सविस्तर लिहितो, कारण तुमचा खेळ यावरच उभा राहणार आहे.

आधी चकतीचं गणित. दोन ते सहा म्हणजे २४० मिनिटं. पात्रं वाटणं आणि नियम सांगणं ३० मिनिटं, चहा १० मिनिटं. उरली २००. खेळातला दहा मिनिटांचा एक टर्न टेबलावर साधारण आठ ते दहा मिनिटं घेतो, कारण पाच जण बोलणार. म्हणजे सगळे मिळून वीस-बावीस टर्न. दर टर्नला एक फाक भरलीत तर आठ टर्नमध्ये, म्हणजे तासा-सव्वा तासात पाणी डोक्यावर. वर सात-ते-नऊच्या किमतीतून आणखी फाकी भरणार. साडेतीनला खेळ संपेल.

दर दोन टर्नला एक फाक करा. नुसत्या वेळेने सोळा टर्न मिळतील. किमतीतून तीन-चार फाकी भरल्या की चकती आठ ते दहा टर्नमध्ये पूर्ण होईल, घड्याळात साडेतीन ते चारच्या मध्ये. उरलेला वेळ शेवटच्या झटापटीला आणि बाहेर पडण्याला. चकती भरली म्हणजे खेळ संपला असं मात्र ठेवू नका. चकती भरली म्हणजे खालचा मजला बुडाला आणि परतीचा जिना बंद झाला, एवढंच. आता बाहेर पडायला दुसरी वाट हवी.

चकती पडद्याआड ठेवू नका. टेबलाच्या मधोमध, हाताएवढी, सगळ्यांना दिसेल अशी. आणि प्रत्येक फाकीला डोळ्यांना दिसणारा एक बदल आधीच लिहून ठेवा. पहिल्या फाकीला भिंतीला पाझर. दुसरीला पायऱ्यांवर ओल. तिसरीला तळमजल्यात घोट्याएवढं पाणी. चौथीला सांडव्याचा आवाज एवढा वाढतो की बोलणं ओरडून करावं लागतं. इथून पुढे कुजबुज चालत नाही आणि लपताना तीन फासे मिळतात, कारण शत्रूलाही ऐकू येत नाही. पाचवीला गुडघा. सहावीला खालच्या खोल्यांत चालणं म्हणजे चपळाईचा फासा. सातवीला कंबर, आणि खाली ठेवलेलं सगळं सामान तरंगायला लागतं. आठवीला जिना बुडाला. चौथ्या फाकीसारखा दुधारी बदल आणखी एखादा ठेवता आला तर जरूर ठेवा. पाणी नुसतं वाईट करत गेलं तर खेळाडू ते निमूट सोसतात. काही उघडत आणि काही बंद करत गेलं तर त्याचा विचार करायला लागतात.

खऱ्या पाणीमहालाची गंमत अशी की पूर आला की नर आणि मादी हे दोन्ही सांडवे कोसळतात, पाण्याचा पडदा सज्जासमोरून पडतो आणि आतल्या दालनात मात्र माणूस कोरडा उभा राहतो. ही गोष्ट मोडू नका. पाणी खिडकीतून आत घुसतं असं दाखवलंत तर ज्यांनी किल्ला पाहिला आहे ते लगेच टोकतील. पाणी खालून चढू दे, हेराने बुजवलेल्या मोऱ्यांमुळे. मग "बांधणाऱ्याने कोरडं ठेवलेलं दालन ओलं कसं झालं?" हाच पहिला धागा होतो आणि पाथरवटाला तो न सांगता पकडता येतो.

आता मशाली. १९८१ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा जुना नियम अजूनही उत्तम आहे: मशाल सहा टर्न, कंदील एका बुधली तेलावर चोवीस टर्न. पाच जणांना मिळून तीन मशाली द्या, कंदील देऊ नका. प्रत्येक मशालीसाठी सहा काड्यापेटीच्या काड्या टेबलावर मांडा आणि दर टर्नला एक काडी मशाल धरणाऱ्याने स्वतः उचलायची. स्वतः उचलायची हे महत्त्वाचं. जीएमने उचलली तर तो हिशेब होतो, खेळाडूने उचलली तर काळजी. मशालवाल्याचा एक हात गुंतलेला असतो, म्हणून त्याला दोर चढता येत नाही, दोन हातांचं हत्यार धरता येत नाही आणि पोहताना मशाल जाते. सज्जाजवळ तुषारांनी मशाल विझू शकते: एक फासा टाका, एक आला की विझली. मशाल नसलेल्या माणसाला नजरेचे फासे टाकताच येत नाहीत. वजाबाकी नको, सरळ मनाई. वजाबाकी केली तर सगळे नशिबावर टाकून बघतात आणि अंधार पुन्हा विसरला जातो.

दर दोन टर्नला आणखी एक फासा: एक आला की कुणीतरी भेटतं. बारा टर्नमध्ये सहा वेळा टाकला जाईल, म्हणजे एक तरी भेट होण्याची शक्यता ६७ टक्के. भेटणाऱ्यांची यादी सहाचीच ठेवा, त्यातले चार तरी माणसं असावीत: वाट चुकलेला पखालजी, झोप उडालेला पहारेकरी, हेराचा साथीदार, आत अडकलेलं मेंढराच्या मागे आलेलं पोर. उरलेले दोन म्हणजे साप आणि वटवाघळांचा थवा. भेट झाली की लगेच लढाई लावू नका. दोन फासे टाका: २ आलं तरच हल्ला, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ संभ्रम, ९ ते ११ बोलायला तयार, १२ आलं तर मदतीला तयार. छत्तीसात एकदाच थेट हल्ला येतो. या एका फाशाने अर्ध्या लढायांचं बोलण्यात रूपांतर होतं, आणि नवे खेळाडू लढाईपेक्षा बोलण्यात लवकर रमतात.

नकाशाला चौकडीची वही पुरते. एक चौकोन पाच फूट. खोल्या सात किंवा आठ, तीन मजल्यांवर, आणि प्रत्येक मजल्यातून दुसऱ्यावर जायला दोन वाटा. एकच वाट ठेवलीत आणि ती बुडाली तर खेळ तिथेच संपतो. हा नकाशा कल्पनेतला आहे असं सुरुवातीलाच सांगा, म्हणजे कुणी "इथे खरं तर भिंत आहे" म्हणून अडणार नाही.

बोरीकाठ

काळ छान निवडलाय. पाणीमहालाचं बांधकाम १६१३ चं, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातलं, म्हणजे तुमच्या खेळात बंधारा अकरा वर्षांचा आहे. दगड नवा, चुना नवा. जीर्ण भुयार, कोळ्यांची जाळी, खचलेल्या कमानी असलं वर्णन करू नका. ज्याने स्वतः हे दगड बसवले असा पाथरवट तुमच्या पात्रांत बसतो, त्याचा फायदा घ्या.

१६२४ ला आणखी एक अर्थ आहे. त्याच वर्षी अहमदनगरजवळ भातवडीला अहमदनगरच्या निजामशाहीच्या मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. तलाव फोडून शत्रूच्या छावणीत आणि वाटेवर पाणी सोडल्याचं वर्णन त्या लढाईत येतं. तुमच्या हेराचा बेत त्याच डोक्यातून निघाला असं दाखवता येईल, आणि खेळ संपल्यावर दोन वाक्यांत ते सांगितलंत तर ऐकणाऱ्यांना आवडेल. पुढच्या वर्षी अंबरने सोलापूरही घेतलं. दुसरा भाग करायचा झाला तर भुईकोट तुमच्या दाराशीच आहे.

या लढाईला हिंदू-मुसलमान असं रूप देऊ नका, ते इतिहासाला धरून नाही. अंबर हबशी, त्याच्या बाजूने शहाजी भोसले लढले; आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदार, कानडी नाईक, दखनी आणि परदेशी मुसलमान सगळेच होते. हेर कुणीही असू शकतो. खेळाच्या दृष्टीनेही तेच बरं, नाव ऐकून बाजू ओळखता आली तर तपास कसला उरणार?

काही वस्तू हमखास चुकतात. जेवणात भाकरी, कांदा, ताक, गूळ घाला, पण शेंगाची चटणी नको. शेंगदाणा आपल्याकडे शेतोशेती पसरला तो फार नंतर. बटाटा, चहा नको. सोलापुरी चादरही नाही, तिची नक्षी जॅकार्ड मागाची आणि तो माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराचा. पांघरायला घोंगडी द्या, ती पाण्यात जड होते हे खेळातही वापरता येतं. तंबाखू चालेल, विजापुरात ती तेव्हा पोचली होती. पैसा म्हणजे सोन्याचा होन आणि किरकोळीला तांब्याची नाणी. वजन शेर आणि मण. पेटवायला काड्यापेटी नाही, चकमक आणि कापूस. विझलेली मशाल पेटवायला एक टर्न जातो तो याच कारणाने, आणि चकमक भिजली तर तेवढ्यावर भागत नाही.

भाषांकडे खास लक्ष द्या. मुलूख मराठी आणि कानडीच्या शिवेवरचा, दरबार फारसीचा, फौजेत दखनी, पूर्वेकडून तेलंगी. महसुलाचे हिशेब मराठीतही ठेवले जात. प्रत्येक पात्राला दोनच भाषा द्या. तुमच्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या खेळाडूंच्या पात्रांना त्या भाषा द्याच, आणि एखादं पात्र असं ठेवा जे फक्त तेलुगूतच बोलतं. तो संवाद टेबलावर खरोखर तेलुगूत होऊ दे. बाकीच्यांना कळला नाही तर खेळाडू भाषांतर करून सांगेल, हवं ते लपवेलही.

चाटीगल्लीकर

मनापासून आभार. दोन फासे नक्की केले, चकती दर दोन टर्नला. पखालजीला तेलुगूच करतो.

आता दोन शंका उरल्या. तपासाचे धागे किती ठेवू? खेळाडूंना एक धागा सापडला नाही तर सगळं अडेल अशी भीती आहे. आणि हेर सापडल्याबरोबर त्यांनी त्याला मारूनच टाकला तर? त्याच्याकडून किल्ल्यातला फितूर कोण ते कळायचं आहे.

दोन_फासे

धाग्यांचा पक्का नियम: खेळाडूंना जे कळायलाच हवं त्या प्रत्येक गोष्टीसाठी तीन धागे, तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या प्रकारचे. एक हुकतो, एकाचा अर्थ चुकीचा लावला जातो, तिसरा लागू पडतो.

तुमच्या खेळात कळायच्या गोष्टी तीन: हेर कुठे आहे, काय करतोय, आतला फितूर कोण. "कुठे" साठी: खाली जाणारे ओले ठसे आहेत, वर येणारे नाहीत, भिंतीतल्या कोनाड्यात ताजी काजळी, पखालजीने पाहिलेला उजेड. "काय" साठी: मोरीच्या तोंडाशी लाकडी पाचरींचे तासलेले तुकडे, चुन्याचा भुगा, साथीदाराच्या झोळीत शिसं. "कोण" साठी: तेलाच्या वहीत एकाच रात्री दोनदा उचल, कारकुनाला ती दिसते, पहाऱ्याची बदललेली पाळी, नाईकवाड्याला ती खटकते, कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने उघडलेलं. बघा, प्रत्येक पात्राच्या वाट्याला निदान एक धागा आला. असं वाटप झालं की गप्प बसणारा खेळाडूही एकदा तरी पुढे येतो.

धागा सापडण्यासाठी फासा लावू नका. योग्य जागी जाऊन योग्य प्रश्न विचारला की धागा मिळाला. फासा लावायचाच तर वेळेसाठी: दहा आलं तर लगेच, सात ते नऊ तर एक टर्न गेला, सहा तर टर्न गेला आणि कुणीतरी येताना ऐकू आलं. धागा तिन्ही वेळा हातात.

वीसबाजू

एक गोष्ट खेळ सुरू होण्याआधी करा. बुडणं आणि बंद अंधारी जागा यांची खरी भीती असलेला कुणीतरी पाच जणांत असू शकतो. एका कार्डावर फुली काढून टेबलावर ठेवा. कुणीही त्याला हात लावला की ते वर्णन तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. हे दोन मिनिटांत सांगून होतं. आणि कुणाचा पाय अडकून तो पाण्याखाली राहतो असली दृश्यं लांबवू नका. एका फाशात निकाल लावा.

मशालजी

हेराला मारण्याबद्दल. त्याच जुन्या नियमांत धैर्याचा आकडा असतो, २ ते १२. हेराला आठ द्या, दोन साथीदारांना सहा. दोन प्रसंगी दोन फासे टाका: त्यांच्यातला पहिला माणूस पडला की, आणि निम्मे पडले की. बेरीज धैर्यापेक्षा जास्त आली तर ते शरण येतात किंवा पळतात. सहा धैर्याच्या साथीदाराची शरण यायची शक्यता दर वेळी ५८ टक्के, आठवाल्या हेराची २८. म्हणजे साथीदार बहुधा जिवंत हाती लागेल, आणि फितुराचं अर्धं नाव त्याच्याकडे ठेवा: चेहरा पाहिलाय, पद माहीत आहे, नाव नाही. हेर मेला तरी खेळ अडत नाही.

हेराची गाठ सातव्या फाकीच्या आधी पडली तर त्याला लढवू नका, बोलू द्या. त्याला पाचरी ठोकायला वेळ हवा आहे, म्हणून तो बोलत राहील. दर टर्नला पाणी चढतंय, समोरची चकती सगळ्यांना दिसतेय आणि ऐकत राहायचं की झडप घालायची हे त्यांना ठरवायचंय. झडप घातली तर शेवटच्या झटापटीत पाचर काढणं आणि हेराला धरणं ही दोन कामं एकाच वेळी ठेवा. पाचर काढायला अंगबळाचे तीन फासे यशस्वी व्हावे लागतात, एकाच माणसाचे नव्हे, कुणाचेही. पाचजण दोन कामांत विभागले गेले की कुणी रिकामा बसत नाही.

साडेपाच वाजले आणि पाचर अजून निघाली नसेल तर तीनऐवजी दोन यशांत काढा. तुमच्या खेळाडूंना सहाला उठायचं आहे, आणि बाहेर पडतानाचा प्रसंग, म्हणजे सज्जातून दोर सोडून धबधब्याच्या पडद्याआडून खाली उतरणं, याला वीस मिनिटं लागतातच. तो कापू नका. दोर आधीच पात्रांच्या सामानात लिहून ठेवा, पन्नास फूट, नावाड्याकडे.